मुक्तीच्या छापखान्यांतील वर्षें

पंडिता रमाबाईंचें नांव काढलें कीं अनेकांस केडगांवच्या मुक्तिसदनांतील १९०५ सालची जागृति आठवते. त्या वर्षाच्या जून महिन्यांत तेथील मुली पापांची कबुली देत, रडत, एकाच वेळीं मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या. ती वार्ता परदेशांतही पोंचली. चरित्रकार त्या दिवसांस कित्येक पानें देतात. पुढच्या सुमारें सतरा वर्षांस एखादा परिच्छेद मिळतो. मला बोलावयाचें आहे तें त्या परिच्छेदाविषयीं.

पण आधीं थोडें मागें जाऊं. बाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें झाला. त्यानंतर सुमारें आठ वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्यांनीं १९०७ सालच्या आत्मनिवेदनांत दिली आहे. आठ वर्षें! धर्मांतरामुळें पुण्यांतील स्नेही दुरावलेले, आणि ज्याच्याकरितां हें सोसलें तो अंतरीं आढळत नाहीं. अशा वेळीं परत फिरणें सोपें, आणि उमाळ्याचें सोंग आणणें त्याहून सोपें. बाईंनीं दोन्हींपैकीं कांहींच केलें नाहीं. शंका मोकळेपणीं विचारीत व बायबल वाचीत राहिल्या, आणि त्याच काळांत, १८८९ सालीं, मुंबईस शारदासदन काढलें.

१९०५ चें भरतेंही तसेंच कायम राहिलें नाहीं. तें कोठेंच राहत नसतें. उरलें तें बायबलाचें भाषांतर. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर. मुक्तींत आश्रयास आलेल्या अल्पशिक्षित बायांना तें कळेना. तेव्हां पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें, तीच विदुषी आतां स्वतःच्या लेखनांतून जड संस्कृत शब्द वेंचून काढीत होती! सहासष्ट पुस्तकें, एकेक ओवळ साध्या बोलींत उतरवावयाची. मुक्तींतल्याच बायांनीं खिळे जुळवावयाचे. मग मुद्रितें तपासावयाचीं, चुका काढावयाच्या, पुन्हां तपासावयाचीं. कान तर पूर्वींच मंद झाले होते. मीं जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. शंभराव्या वहीला कोणासही स्फूर्ति येत नाहीं, हें मी अनुभवानें सांगतों. माझ्या मतें बाईंच्या श्रद्धेचा खरा पुरावा त्या मुद्रितांवरील दुरुस्त्यांत आहे, जूनच्या त्या आक्रोशांत तितका नाहीं. जागृतीचे अभिमानी माझ्यावर रागावतील, रागावोत.

१९२१ च्या जुलैंत एकुलती कन्या मनोरमा वारली. जिच्या हातीं सारा संसार सोंपवावयाचा तीच गेली. भाषांतर मात्र थांबलें नाहीं. तें पुरें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या, आणि संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यांतून १९२४ सालीं बाहेर पडला.