विमान सामानातील बंदुका (अमेरिका)

अमेरिकेत प्रवाशाला स्वतःची बंदूक विमानाने नेता येते, पण हातातल्या पिशवीतून नव्हे. ती चेक-इन सामानातच द्यावी लागते. वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या (टीएसए) नियमांनुसार बंदूक रिकामी आणि कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत असावी लागते. दर खेपेस सामान देताना ती काउंटरवर जाहीर करावी लागते. तरीही २०२४ मध्ये तपासणी नाक्यांवर हातसामानात ६,६७८ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक भरलेल्या होत्या.

पेटीची निवड हा कळीचा भाग आहे. कुलूप लावूनही कोपरा ओढल्यावर फट पडत असेल, तर ती पेटी चालत नाही. दुकानातून पिस्तुलाबरोबर मिळालेली पेटी पुरेशी सुरक्षित असेलच असे नाही. किल्ली प्रवाशाकडेच राहते. तपासनिसांनी मागितली तरच ती द्यायची. काडतुसे सुटी टाकता येत नाहीत, त्यांना खोका लागतो. अनेक कंपन्या त्यांचे वजन ५ किलोपर्यंतच मान्य करतात. सामानात बंदूक आहे असे सांगणारी चिठ्ठी बाहेरून लावायला विमान कंपन्यांना संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. हे योग्यच आहे. तशी चिठ्ठी म्हणजे चोराला आमंत्रण.

खरी अडचण राज्याराज्यांच्या कायद्यांची आहे. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणे कायदेशीर असेल, तर वाटेतल्या राज्यात १९८६चा संघराज्याचा कायदा प्रवाशाला संरक्षण देतो. मात्र वाटेत बंदूक सहज हाती लागेल अशी नसावी, ही त्याची अट आहे. २००५ मध्ये यूटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचे नेवार्कला पुढचे विमान चुकले. सामान ताब्यात घेऊन त्याने रात्र हॉटेलात काढली. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे पिस्तूल जाहीर केले आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण २०१०च्या निकालात अपील न्यायालयाने त्याला संरक्षण नाकारले: हॉटेलात पिस्तूल त्याच्या हाताशी होते. प्रामाणिकपणे नियम पाळणाऱ्यावर आलेली ही वेळ अन्यायाचीच म्हणावी लागेल. म्हणून विमान चुकल्यास अशा राज्यात सामान ताब्यात न घेणेच शहाणपणाचे.

सामान परत मिळाल्यावर मात्र पेटीवर कोणाचेच लक्ष उरत नाही. ६ जानेवारी २०१७ रोजी फोर्ट लॉडरडेलच्या विमानतळावर एका प्रवाशाने रीतसर जाहीर करून आणलेले पिस्तूल सामानकक्षात घेतले, स्वच्छतागृहात भरले आणि पाच जणांना ठार केले. त्याच वर्षी डेल्टा कंपनीने अशा सामानाला प्लास्टिकचे बंद आवळायला सुरुवात केली.