सदोष घरबांधणी आणि घरमालकाचे हक्क : नाशिकच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

१९८२ साली महानगरपालिका स्थापन झालेल्या नाशिक शहरात सदनिका व स्वतंत्र घरे अशा दोन्ही प्रकारे घरबांधणी वाढली. सदनिकाधारकास १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याचा आधार होता. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यास मात्र गळके छत वा भेगाळलेला गिलावा यांसाठी प्रामुख्याने दिवाणी दाव्यावरच विसंबावे लागे.

१९९३ साली ही स्थिती बदलली. ग्राहक संरक्षण कायद्यातील दुरुस्तीने गृहबांधणीचा ‘सेवे’त समावेश झाला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही गृहबांधणी ही सेवा असल्याचे मान्य केले. परिणामी निकृष्ट काम ही सेवेतील त्रुटी ठरली.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताब्यापासून ५ वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. तथापि हे संरक्षण विक्रीसाठीच्या प्रकल्पांपुरते आहे. ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्यास ग्राहक आयोगाकडे सर्वसाधारणपणे २ वर्षांच्या आत जावे लागते. तेथे लेखी करार, पावत्या व तज्ज्ञ अभियंत्याचा अहवाल निर्णायक ठरतात.

सारांश, कायद्याने हक्क दिला. परंतु तोंडी व्यवहारावर उभ्या राहणाऱ्या घरास तो सिद्ध करणे आजही कठीण आहे.