चाकणचे मिरासदार आणि उपरी

चाकण म्हणतांच अभ्यासकांस 1660 सालचा वेढा आठवतो. फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानापुढें तो किल्ला सुमारें पावणेदोन महिने झुंजविला. आम्हांस येथें त्याच शिवारांतील कारखान्यांविषयीं लिहावयाचें आहे.

जुन्या कागदांत कुळांचे दोन वर्ग आढळतात: मिरासदार, जमिनीचा वंशपरंपरेनें धनी, आणि उपरी, मुदतीपुरता कसणारा. पिंपरीस 1954 सालीं सरकारी पेनिसिलिनचा कारखाना निघाला, 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि भोसरी-आकुर्डीचा माळ भरून गेला. बाहेरच्या मालावर जबर जकात, आंत परवाना. या दुहेरी तटाआड कायम झालेल्या कामगाराची नोकरी जवळजवळ मिरासच होती.

जुलै 1991 पासून तट उतरूं लागला. मोटारींचा परवाना 1993 सालीं गेला; सुट्या भागांवरील जकात घटत गेली, पण तयार मोटारीवरील चढीच राहिली. तेव्हां परक्या कारखानदारास येथेंच गाडी जुळविणें परवडूं लागलें. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 सालचा. काम वाढलें, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु चढाओढींत खर्च उतरविण्याचा भार मजुरीवर आला, आणि कायम माणसास हात लावणें कठीण म्हणून नव्या जागीं कंत्राटी माणूस उभा राहिला. देशांतील कारखान्यांत असे कामगार 2000-01 सालीं शेंकडा 20 च्या आसपास होते. 2022-23 सालीं ते शेंकडा 40 वर गेले. मोकळ्या व्यापारानें मजुरी वाढली म्हणणारा मिरासदाराकडे पाहतो, घटली म्हणणारा उपऱ्याकडे. तंटा उगाच लांबतो.

2013 सालीं चाकणच्या बजाज कारखान्यांत 50 दिवस संप झाला. (वेढ्याप्रमाणें हाही ऐन पावसाळ्यांतला.) कामगारांची एक मागणी अशी कीं, प्रत्येकास कंपनीचे 500 भाग एकेक रुपयास मिळावेत. वर्तमानपत्रांनीं तिची थट्टा केली असेल. आम्हांस ती अस्सल मिरासपत्राची मागणी वाटते. ती मान्य न होतांच संप मिटला.

मिरासदारानें आपले कागद जपले म्हणून ते आज आपल्या दप्तरांत आहेत. उपऱ्याची आठवण बहुधा वसुलाच्या आंकड्यापुरतीच. तरी ज्या वाचकांचे सोयरे त्या बाजूस असतील त्यांनीं ठेकेदारांचीं हजेरीपत्रकें, वेतनाचे करारनामे व फाटकाचे पास, रद्दींत जाण्यापूर्वीं, मंडळाकडे पाठवावेत. फाटके असले तरी चालतील.