पूर्णांकी लॉगरिदम (रस्ट भाषेतील)

धन पूर्णांकाच्या लॉगरिदमचा अपूर्णांक भाग वगळून उरणारी पूर्ण संख्या. १,००० चा २ या पायाचा पूर्णांकी लॉगरिदम ९, तर १० या पायाचा ३ येतो. रस्ट या प्रणाली-प्रोग्रॅमिंग भाषेत जानेवारी २०२३ मधील १.६७ या आवृत्तीपासून यासाठीची फंक्शने स्थिर झाली.

फ्लोटिंग-पॉइंट आकडेमोड येथे दगा देते : २ चा ६४ वा घात उणे १ ही संख्या ६४ बिटी फ्लोटिंग-पॉइंट रूपात नेमकी मावत नाही, तिचे पूर्णांकन होऊन उत्तर ६३ ऐवजी ६४ मिळते. म्हणून २ या पायासाठी द्विमान रूपातील आघाडीची शून्ये मोजतात. ३२ बिटी १,००० मध्ये ती २२ असतात. ३१ मधून २२ वजा केल्यास ९. अनेक प्रक्रियकांत ही मोजणी एकाच सूचनेने होते.

१० या पायासाठी एका पद्धतीत बिटसंख्येला १,२३३ ने गुणून ४,०९६ ने भागतात. ९९९ व १,००० दोन्ही १० बिटी असल्याने अंदाज ३ येतो. मग १० च्या तिसऱ्या घाताशी तुलना करून ९९९ साठी तो एकाने घटवतात. भागाकारांचे आवर्तन त्यामुळे टळते.

शून्याचा लॉगरिदम अव्याख्यात असल्याने साधे फंक्शन प्रोग्रॅम थांबवते. तपासणीयुक्त फंक्शन ‘मूल्य नाही’ असे कळवते.