सुट्टी आणि खाडा

कामावर न गेलेल्या दिवसाला मराठीत दोन नावं आहेत. पगार मिळाला तर ती सुट्टी. पगार कापला गेला तर तो खाडा. घरी बसणाऱ्याला दिवस तोच असतो, महिन्याच्या हिशेबात मात्र तो एकच राहत नाही. आपण सुट्टीचा इतिहास सांगतो तेव्हा हा फरक बहुतेक वेळा विसरतो. त्यामुळे अर्धवेळ, बदली किंवा तुकड्या-तुकड्यांनी काम करणारी माणसं त्या इतिहासातून गळून पडतात.

दरवर्षी जून महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण काढली जाते. 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती आठवण काढायलाच हवी. लोखंडे सत्यशोधक होते आणि 'दीनबंधु'चे संपादक होते. 1884 साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरलेले तास, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत आणि कामावर इजा झाली तर भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. त्या वेळी अमलात असलेला 1881 चा कारखाने कायदा फक्त लहान मुलांपुरता होता. मुलांना दिवसाला एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या होत्या. मोठ्या माणसाला कायद्याने काहीच दिलेलं नव्हतं.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणं केली. जूनमध्ये मालक नमले आणि 1891 च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची मधली सुट्टी, दोन्ही आल्या.

पण त्या रविवारचा पगार कोण देणार, हा प्रश्न त्यात नव्हता. साचेखात्यातला विणकर कापडाच्या मापावर पैसे घेत असे. माग बंद तर कमाई बंद. त्याच्यासाठी रविवार म्हणजे शरीराला मिळालेली विश्रांती, आणि ती लहान गोष्ट नव्हती. मात्र हिशेबात तो खाडाच राहिला. पुढे 1948 च्या कारखाने कायद्यातही साप्ताहिक सुट्टीचं कलम सुट्टी द्या एवढंच सांगत होतं. त्या दिवसाचे पैसे द्या, असं ते कलम म्हणत नव्हतं.

आता वाराचा प्रश्न. रविवार हा खंडोबाचा वार, असं एक कारण लोखंड्यांच्या मांडणीत सांगितलं जातं. मुंबईच्या गिरण्यांत मुसलमान विणकरही मोठ्या संख्येने होते. उत्तर भारतातून आलेले मोमीन, जुलाहे मदनपुऱ्यात वसले होते. त्यांचा वार शुक्रवार. पण मला इथे एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. जुमा हा आपल्याकडे दिवसभर काम बंद ठेवण्याचा दिवस नाही. सूरह जुमुआचा आशय असा आहे की अजान झाली की व्यवहार थांबवा, नमाजला या आणि नमाज संपली की पुन्हा रोजीच्या शोधात निघा. म्हणजे शुक्रवारची खरी गरज मधल्या सुट्टीची आहे. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, हा 1948 च्या कायद्याचा नियम होता. तो अर्धा तास कधी सुरू होतो आणि मशीद किती लांब आहे, यावर एका कामगाराचा जुमा ठरतो. शिवाय साप्ताहिक सुट्टी रविवारीच हवी असा त्या कायद्याचा हट्ट नव्हता. रविवारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतला एखादा दिवस देता येत असे. शुक्रवार त्यात बसत असे.

सणांचं तसं नव्हतं. कलकत्त्याजवळच्या ताग गिरण्यांत 1890 च्या दशकात बकरी ईद आणि मोहरमच्या सुट्टीवरून मुसलमान कामगार आणि गोरे मॅनेजर यांच्यात तीव्र संघर्ष झाले. हे प्रसंग बहुतेक वेळा धार्मिक भावनेच्या खात्यात जमा केले जातात. मला त्यात कामगाराचा साधा प्रश्नही दिसतो. माझ्या आयुष्यातल्या कोणत्या दिवसावर माझा हक्क आहे, हे कोण ठरवणार?

मुंबईत या प्रश्नाचं सर्वांत कठीण रूप बदली कामगाराच्या वाट्याला आलं. गिरणीत रोज काही कायम कामगार गैरहजर असत. कुणी आजारी, कुणी गावी, कुणी थकलेला. त्यांच्या जागी घ्यायला माणसं हवीत म्हणून पहाटे दारावर गर्दी उभी राही. आत कुणाला घ्यायचं हे जॉबर ठरवी आणि त्यासाठी हात ओले करावे लागत. या प्रकाराला आळा घालण्यासाठी 1935 साली गिरणीमालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली. ठरावीक माणसांना बदलीचं कार्ड दिलं जाई. कार्डवाल्याने रोज सकाळी हजर व्हायचं, जागा असली तर काम करायचं, नसली तर परत जायचं. हजेरी रोजची, काम मात्र नशिबाचं.

या व्यवस्थेचा कणा असा होता की कायम कामगाराची रजा हाच बदलीवाल्याचा कामाचा दिवस. शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीत कोकणातले आणि घाटावरचे कामगार गावी गेले की दारावर उभ्या असलेल्याला पाळी मिळे. ईदला मुसलमान विणकर घरी राहिला की त्याचा माग दुसरा कुणी चालवी. त्यामुळे बदलीवाला स्वतःच्या सणाला गावी जायचा विचार करी तेव्हा त्याला कळून चुकत असे की हेच आपले कमाईचे दिवस आहेत.

1945 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि वर्षभर सलग नोकरी केलेल्याला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. पुढे 1948 च्या कायद्याच्या 79 व्या कलमात तिचा हिशेब असा ठरला. वर्षात 240 दिवस काम केलं असेल तर पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा. म्हणजे 240 दिवसांचे 12 दिवस. अर्धा किंवा त्याहून जास्त दिवस शिल्लक राहिला तर तो पूर्ण धरायचा, इतका बारीक हिशेब त्या कायद्याने केला होता.

आता महिन्याला 18 पाळ्या मिळणारा बदलीवाला घ्या. वर्षाचे 216 दिवस झाले. वीसने भागलं तर 10.8, म्हणजे 11 दिवस रजा व्हायला हवी. त्या कायद्याने मिळत असे शून्य, कारण तो 240 च्या उंबरठ्याच्या बाहेर राहिला. उरलेले दिवसही तो दारावर हजर होता, काम नव्हतं एवढंच. कायम कामगाराला काम नाही म्हणून बसवून ठेवलं तर ते दिवस 240 मध्ये धरले जात. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली अशा बसवून ठेवलेल्या दिवसांसाठी भरपाईची तरतूद आली, तेव्हा बदली आणि नैमित्तिक कामगारांना त्यातून नावानिशी वगळलं गेलं. बदली कामगार कोण, याची व्याख्या कायद्याने केली आहे. पण ती त्याला बाहेर ठेवण्यासाठी.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. लोकांच्या लक्षात पगारवाढीची मागणी राहिली. बदली कामगारांना कायम करा आणि पगारी रजा वाढवा, या मागण्याही त्यात होत्या. दारावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्यांसाठी कायम होणं म्हणजे खाड्याची सुट्टी होणं. तो संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापडाचं काम यंत्रमागाकडे सरकलं.

यंत्रमाग म्हटलं की भिवंडी आणि मालेगाव. मालेगावात शुक्रवारी माग थांबतात. वस्तीत जुम्याची लगबग असते, बाजार फुलतो. मदनपुऱ्यातल्या विणकराला जो वार मिळाला नाही तो मालेगावच्या विणकराला मिळाला, याचा आपल्याला आनंद वाटतो. मलाही वाटतो. पण हा शुक्रवार पगारी नाही. कामगार मीटरवर कमावतो, बारा-बारा तासांच्या पाळीत एकाच वेळी अनेक माग सांभाळतो आणि मधली सुट्टी घेतली तर तेवढे मीटर कमी होतात. माग लहान-लहान कारखान्यांत विखुरलेले असल्यामुळे बरेच जण कारखाने कायद्याच्या कक्षेत कधी आलेच नाहीत. कारखानदार आणि कामगार एकाच सफेत नमाज पढतात. त्या दिवसाचा पैसा मात्र कामगाराच्याच खिशातून जातो. वार आपला झाला म्हणून खाड्याची सुट्टी होत नाही.

आणि सगळ्यांत शेवटी घरकाम करणाऱ्या बाया. आज खऱ्या अर्थाने अर्धवेळ काम त्यांचंच आहे. एका घरी एक तास, दुसऱ्या घरी दीड, अशी चार-पाच घरं. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळ कल्याणाच्या योजनांसाठी आहे, रजेचा हक्क त्यातून मिळत नाही. चार घरांच्या चार मालकिणी, म्हणून एका आजारपणाचे चार खाडे. 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितेत 240 ची अट 180 दिवसांवर आणली गेली. बदलीवाल्यासाठी हा बदल मोलाचा आहे, पण भांडीवाली या हिशेबातही येत नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1994 साली अर्धवेळ कामगारांसाठी 175 क्रमांकाचा करार केला. जेवढं काम त्या प्रमाणात पगारी रजा, असा त्याचा साधा विचार आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. पण आपल्या घरात तो लागू करायला कुणाची परवानगी लागत नाही. महिन्याला 26 दिवस येणारी बाई वर्षाला 312 दिवस काम करते. वीसने भागलं तर 15.6, म्हणजे कारखान्याच्या नियमाने 16 दिवस पगारी रजा. त्यात तिचा सण आला, तिचा ताप आला, तिच्या मुलीचं लग्न आलं. ईदला आपण तिला शीरखुर्म्याचा डबा देतो, ईदीही देतो. ते दिल्यावरही महिनाअखेरीला वहीत तिच्या नावापुढे किती खाडे मांडायचे, हे आपल्याच हातात असतं.