वारली कला नेमकी किती जुनी? फॉरवर्ड करण्याआधी अभ्यासकांची पुस्तक परीक्षणं ऑनलाइन कशी शोधायची?

आरे कॉलनीचा विषय निघाला की सोशल मीडियावर दोन प्रकारच्या पोस्ट हमखास फिरतात. एकीत म्हटलेलं असतं की इथले आदिवासी हजारो वर्षांपासून इथंच राहतात. दुसरीत म्हटलेलं असतं की हे सगळं नंतर झालेलं अतिक्रमण आहे. सोबत वारली चित्राचा एक फोटो असतो आणि खाली 'एका पुस्तकात म्हटलंय' एवढंच. कुठलं पुस्तक, कोणी लिहिलं, बाकीच्या अभ्यासकांचं त्यावर काय म्हणणं आहे, यातलं काहीच नसतं.

हे सगळं तपासण्यासाठी एक सोपी जागा आहे. अभ्यासकांनी लिहिलेल्या पुस्तक परीक्षणांचे आणि माहितीपटांच्या परीक्षणांचे ऑनलाइन संग्रह. यातले बरेच मोफत आहेत आणि मोबाइलवरही वाचता येतात. पण ते वापरायचे कसे, हे आपल्याला फारसं कोणी सांगत नाही.

आरेच्या बाबतीत याची गरज काय?

आरे मिल्क कॉलनी १९४९ साली उभी राहिली. मुंबईतले गोठे शहराबाहेर हलवून स्वच्छ दूध पुरवायचं, ही त्यामागची कल्पना. दारा खुरोडी यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. त्यांना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कॉलनीची जागा तीन हजार एकरांहून अधिक. याच जागेत केलटीपाडा, खांबाचा पाडा, प्रजापूरपाडा असे आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी अशा समाजांची वस्ती इथं आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने आणखी झाडं तोडायला मनाई केली. त्या काळात आरे 'जंगल' आहे की 'सरकारी जमीन', आणि इथले लोक 'मूळ रहिवासी' आहेत की नाहीत, यावर प्रत्येकाकडे मत होतं. पण हा नुसता ऑनलाइन वाद नाही. घर, शेतीचा तुकडा आणि देवाची जागा कोणाची, हा प्रश्न त्यात आहे. अशा प्रश्नात चुकीचा दावा आपल्या बाजूचा असला तरी नुकसानच करतो. समोरच्याने तो एकदा खोडून काढला की खऱ्या दाव्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत.

अभ्यासकांचं परीक्षण म्हणजे काय?

वर्तमानपत्रातलं परीक्षण सांगतं की पुस्तक वाचावं का, सिनेमा बघावा का. अभ्यासकाच्या परीक्षणातले प्रश्न वेगळे असतात. लेखकाने माहिती कुठून आणली? किती दिवस, कुठल्या गावात काम केलं? लोकांची भाषा त्याला येत होती का? आधीच्या अभ्यासांपेक्षा नवं काय सांगितलं? निष्कर्ष पुराव्यातून निघतो का?

सिनेमा आणि माहितीपटालाही हेच लागू होतं. २०१४ साली आलेला 'आजोबा' हा मराठी सिनेमा माळशेज घाटातून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत आलेल्या बिबट्याच्या खऱ्या घटनेवर बेतलेला होता. सिनेपरीक्षक विचारेल, गोष्ट रंगली का? अभ्यासक विचारेल, खऱ्या संशोधनातलं काय घेतलं, काय बदललं आणि बिबट्याशेजारी राहणाऱ्या माणसांना पडद्यावर बोलायला किती जागा मिळाली?

एक गोंधळ मात्र टाळा. पुस्तक परीक्षण आणि छापण्याआधीची तज्ज्ञांची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी प्रकाशनाआधी होते आणि ती सहसा जाहीर होत नाही. परीक्षण प्रकाशनानंतर येतं आणि त्याखाली परीक्षकाचं नाव असतं.

कुठं शोधायचं?

जर्नल ऑफ फोकलोर रिसर्च रिव्ह्यूज : अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचा हा संग्रह. लोककला, लोकसंगीत, लोककथा यांवरची पुस्तकं आणि माहितीपट यांची परीक्षणं इथं मोफत वाचता येतात.

एशियन एथ्नॉलॉजी : जपानच्या नानझान विद्यापीठाचं नियतकालिक. १९४२ साली वेगळ्या नावाने सुरू झालं. आशियातल्या समाजांवरचे लेख आणि पुस्तक परीक्षणं मोफत आहेत.

एच-नेट रिव्ह्यूज : इतिहास आणि समाजशास्त्रांच्या पुस्तकांसाठी. हेही मोफत.

इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली : मुंबईतूनच निघणारं साप्ताहिक. १९४९ साली 'इकॉनॉमिक वीकली' म्हणून सुरू झालं, १९६६ पासून आजच्या नावाने निघतं. जमीन, जंगल, आदिवासी या विषयांवरच्या पुस्तकांसाठी आधी इथं बघा. जुने अंक पूर्ण वाचायला बहुतेक वेळा वर्गणी लागते.

जेस्टोर : हजारो नियतकालिकांचा साठा. स्वतःचं मोफत खातं उघडलं की सध्या महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. शोधताना फक्त 'रिव्ह्यूज' निवडायची सोय आहे.

कॉलेजात असाल तर आधी ग्रंथपालांना विचारा. अनेक कॉलेजांनी अशा साठ्यांची वर्गणी भरलेली असते आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

शोधायचं कसं?

१. आधी पुस्तकाचं नाव अवतरण चिन्हांत टाका. मिळालं नाही तर लेखकाचं आडनाव आणि एखादा मुख्य शब्द टाकून बघा.

२. स्पेलिंग बदलून बघा. इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात. 'वारली' हा शब्द आज इंग्रजीत 'डब्ल्यू'ने लिहितात, पण १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तो 'व्ही'ने आहे. काथोडी आणि कातकरी ही दोन्ही नावं शोधा.

३. जागेचं जुनं नाव वापरा. १९९५ पूर्वीच्या लिखाणात इंग्रजीत 'मुंबई' नाही, 'बॉम्बे' आहे. आरेचा परिसर जुन्या कागदपत्रांत 'साष्टी' बेटाच्या, म्हणजे इंग्रजी 'साल्सेट'च्या नोंदींत सापडतो आणि तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता. फक्त 'आरे' टाकलंत तर १९४९ च्या आधीचं फारसं काही हाती लागणार नाही.

४. तारखा बघा. अभ्यासकांची परीक्षणं पुस्तकानंतर वर्ष-दोन वर्षांनीही येतात. कालच आलेल्या पुस्तकाचं परीक्षण आज मिळेल, ही अपेक्षा नको.

५. एकावर थांबू नका. परीक्षण हे एका माणसाचं मत असतं. किमान दोन वाचा. दोघांनी एकच आक्षेप वेगवेगळा घेतला असेल, तर त्या आक्षेपात दम आहे.

उदाहरण : 'वारली कला किती जुनी?'

एक पोस्ट म्हणते दहावं शतक, दुसरी म्हणते इसवी सनापूर्वी अडीच हजार वर्षं. तपासायचं कसं?

आधी त्या विषयावरची मोठी पुस्तकं शोधा. यशोधरा दालमिया यांचं 'द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज' हे १९८८ साली ललित कला अकादमीने प्रकाशित केलं. त्याआधी के. जे. सावे यांचं 'द वारलीज' १९४५ साली आलं होतं. या पुस्तकांची नावं टाकून परीक्षणं शोधा आणि वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा : काळाचा दावा कशाच्या आधारावर केलाय?

या प्रश्नाला महत्त्व का, ते चित्रांच्या पद्धतीतच दिसतं. पारंपरिक वारली चित्रं लग्नाच्या वेळी घराच्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जायची, आणि ती सुवासिनी काढायच्या. अशी भिंत शतकानुशतकं टिकत नाही. म्हणून आकार प्राचीन गुहाचित्रांसारखे दिसतात, असं कोणी म्हटलं तर ते साम्य झालं. परंपरा अखंड चालत आली, हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. पोस्टमध्ये या दोन गोष्टी एकत्र होतात.

कागदावरची आणि कॅनव्हासवरची वारली चित्रं मात्र अलीकडची आहेत. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने डहाणू भागात जाऊन ही कला बाहेर आणायला मदत केली आणि जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर पोहोचलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली त्यांचं निधन झालं.

याचा अर्थ वारली लोक 'नवे' आहेत असा होतो का? अजिबात नाही. कला किती जुनी आणि लोक इथं किती काळापासून राहतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राहण्याच्या प्रश्नासाठी गॅझेटियर, जमिनीच्या नोंदी आणि पाड्यांवरच्या लोकांच्या आठवणी बघाव्या लागतात. देवस्थानंही बोलतात. वारली आणि त्यांचा वाघोबा यांच्यावर मुंबई-पालघर-ठाणे भागात झालेलं संशोधन २०२१ साली 'फ्रंटियर्स इन कॉन्झर्व्हेशन सायन्स'मध्ये आलं आणि ते सगळ्यांना मोफत वाचता येतं.

परीक्षण वाचताना काय लक्षात ठेवायचं?

अभ्यासकांची भाषा सौम्य असते. 'या मुद्द्यावर अधिक पुरावे असते तर बरं झालं असतं' याचा अर्थ बहुतेक वेळा 'पुरावे कमी पडतात' असा असतो. कौतुक सहसा सुरुवातीला आणि शेवटी असतं, आक्षेप शेवटच्या काही परिच्छेदांत. त्यामुळे फक्त पहिला परिच्छेद वाचून स्क्रीनशॉट टाकू नका.

परीक्षक कोण आहे तेही बघा. त्याने स्वतः त्या भागात काम केलंय का? लेखकासोबत तो एखाद्या प्रकल्पात होता का?

या संग्रहांत काय सापडत नाही?

बरंच काही. हे संग्रह मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचे आहेत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वारल्यांचा लढा समजून घ्यायला ते वाचावंच लागतं. पण अशा मराठी पुस्तकांवरची चर्चा शोधायला 'साधना', 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांचे जुने अंकच चाळावे लागतात. म्हणून परदेशी संग्रहात परीक्षण नाही, यावरून पुस्तक कमअस्सल ठरत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. पुस्तक लिहिणारे आणि त्याचं परीक्षण करणारे, दोघंही बहुतेक वेळा पाड्याबाहेरचे असतात. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी त्या पुस्तकावर काय म्हटलं असतं, हे संग्रहात क्वचितच सापडतं.

मग पोस्ट कशी लिहायची?

सोपा साचा आहे. पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष. दावा एका वाक्यात. परीक्षणात त्यावर आक्षेप असेल तर तोही एका वाक्यात, परीक्षकाच्या नावासह. आणि शेवटी परीक्षणाची लिंक.

अशी पोस्ट कदाचित कमी शेअर होईल. पण कोणी कमेंटमध्ये 'पुरावा काय?' असं विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर असेल. आरेसारख्या जागेबद्दल हा प्रश्न परत परत विचारला जाणार आहे.