स्वस्तात मिळणारी जुनी इस्टेट कार: घेताना काय बघायचं आणि सांभाळायला किती खर्च येतो?

सेकंड हँड गाड्यांच्या जाहिराती चाळताना कधीतरी एक वेगळीच गाडी दिसते. पुढून साधी सेडान, पण मागे डिक्कीचा उतार नाही. छप्पर सरळ शेपटापर्यंत गेलेलं, मागे वर उघडणारा मोठा दरवाजा आणि किंमत अनेकदा नव्या स्कूटरच्या आसपास. फोटो बघून पहिला विचार येतो, एवढ्या पैशात एवढी मोठी गाडी? दुसरा विचार येतो, मग ही कुणी घेत का नाही?

या गाडीला ब्रिटनमध्ये इस्टेट म्हणतात, अमेरिकेत स्टेशन वॅगन आणि जर्मनीत कॉम्बी. स्टेशन वॅगन हे नाव पडलं ते रेल्वे स्टेशनवरून प्रवासी आणि त्यांच्या पेट्या नेणाऱ्या गाड्यांवरून. युरोपात या गाडीने कित्येक पिढ्या कुटुंबं आणि त्यांचं सामान वाहिलं. भारतात मात्र ती फार चालली नाही आणि आज ती स्वस्त मिळण्याचं एक कारण तेच आहे.

भारतात कोणत्या इस्टेट आल्या?

१९९२ मध्ये तेव्हाच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, टाटा इस्टेट आणली. टाटामोबाईल या पिकअपच्या पायावर बेतलेली ही डिझेल गाडी पुण्यात तयार व्हायची. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, फियाटची वीकेंड आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली. २००४ मध्ये टाटांनी इंडिगो सेडानवरून इंडिगो मरीना काढली. आज कमी पैशात जुनी इस्टेट शोधायला निघालं की बहुतेक वेळा शोध मरीनापाशी येऊन थांबतो.

या गाड्या मागे पडल्या कारण सेडानपेक्षा जास्त पैसे देऊन लोकांना 'सामानाची गाडी' नको होती. ज्यांना मोठं कुटुंब न्यायचं होतं त्यांच्यासाठी २००० मध्ये क्वालिस, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये इनोव्हा आली. उंच गाडीत बसण्याचा रुबाब होता आणि तिसरी सीटही होती. त्यात २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. लांबी हाच जिचा गुण, त्या गाडीला ही सवलत मिळणार नव्हती.

फायदा नेमका काय?

मागची सीट दुमडली की सपाट, लांब आणि बंद जागा मिळते. शिडी, सायकल, मंडपाचं सामान, स्पीकर, फोटोग्राफरचे स्टँड, तबला-पेटी, गावाहून आणलेली आंब्याची खोकी, सगळं पावसात न भिजता जातं. गाडी बसकी असल्यामुळे सामान चढवायला कंबर मोडत नाही. घाटात वळणावर उंच एसयूव्ही जेवढी कलते तेवढी ही कलत नाही.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सेडानमध्ये डिक्की वेगळी असते, इस्टेटमध्ये सामान आणि माणसं एकाच खोलीत असतात. जोरात ब्रेक लागला तर मागे मोकळा ठेवलेला गॅस सिलिंडर किंवा टूलबॉक्स थेट मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्याकडे येतो. म्हणून जड वस्तू खाली, सीटच्या पाठीला टेकवून आणि पट्ट्याने बांधून ठेवायच्या. सीटच्या पाठीपेक्षा उंच थर लावायचा नाही.

आधी कागद, मग इंजिन

जुनी गाडी बघायला गेलं की बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. खरं तर आधी आरसी उघडायला हवी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. मरीना, अल्टुरा, कोर्सा स्विंग यांतली जवळपास प्रत्येक गाडी ही मर्यादा ओलांडून गेलेली आहे. म्हणजे तिचं री-पासिंग झालेलं असायला हवं. आरटीओकडे तपासणी होऊन नोंदणी एका वेळी ५ वर्षांनी वाढते. मुदत संपलेली असेल तर ती गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदा ठरतं आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

या नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारसाठी ती ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ती १० हजार करण्यात आली. वर महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो आणि मुदत उलटली असेल तर विलंबशुल्कही लागतं. हे दर बदलत राहतात, म्हणून सौदा करण्याआधी परिवहन पोर्टलवर ताजा आकडा बघणं बरं. गाडीची किंमत ६० हजार असेल आणि पासिंग बाकी असेल, तर ती गाडी ६० हजारांची नाही हे तिथेच कळतं.

बाकीचे कागद असे:

• फॉर्म २९ आणि ३०: मालकी हस्तांतरणासाठी. घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

• फॉर्म ३५: गाडीवर कर्ज होतं का हे आरसीवर दिसतं. कर्ज फिटलं असेल तरी बँकेचा बोजा उतरवलेला असला पाहिजे.

• एनओसी, म्हणजे फॉर्म २८: गाडी दुसऱ्या राज्याची असेल तर. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची असेल तर इथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. गोव्याची स्वस्त गाडी इथे आणल्यावर महाग पडते ती यामुळेच.

• विमा: घेणाऱ्याने १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो.

• पीयूसी: बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना दर ६ महिन्यांनी काढावं लागतं.

• एचएसआरपी नंबरप्लेट बसवलेली आहे की नाही.

दिल्ली परिसरातून आलेल्या जुन्या डिझेल गाड्या विशेष स्वस्त दिसतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. तिथे नको झालेल्या गाड्या मग इतर राज्यांच्या बाजारात आल्या. अशा गाडीची एनओसी हातात पडल्याशिवाय पैसे देणं म्हणजे भंगार विकत घेण्यासारखं आहे.

विकणाऱ्यानेही झोपून राहू नये

'कागद नंतर करू, गाडी घेऊन जा' हे वाक्य जुन्या गाड्यांच्या व्यवहारात सर्रास ऐकू येतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी विकली असली तरी नाव बदललेलं नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येते. ५० हजारांना विकलेल्या गाडीपायी लाखोंची भरपाई गळ्यात पडू शकते.

गाडीत काय तपासायचं?

इंजिन, क्लच, गिअर हे कुठल्याही जुन्या गाडीत बघतात तसंच बघायचं. सकाळी थंड इंजिन स्टार्ट करायला लावायचं, धुराचा रंग बघायचा, कूलंटमध्ये तेलाचा तवंग आहे का ते बघायचं. टायमिंग बेल्टवर चालणारं इंजिन असेल, तर तो शेवटचा कधी बदलला याचं बिल मागायचं. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चालायचं. चालू गाडीत तो तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च गाडीच्या किमतीजवळ जातो.

इस्टेटमध्ये मात्र काही खास जागा आहेत:

• मागच्या दरवाजाचे गॅस रॉड. हे थकले की दरवाजा वर टिकत नाही आणि सामान काढणाऱ्याच्या डोक्यात बसतो. दरवाजा काठीने टेकवून ठेवलेला दिसला तर समजायचं. दोन्ही रॉड जोडीने बदलतात.

• मागच्या दरवाजाचं रबर. ते सुकलं की पावसाचं पाणी आत येतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघायचाच. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत तर आधी तिथेच बघावं.

• हेच रबर खराब असेल तर सायलेन्सरचा धूरही आत ओढला जातो. लांब सामान बाहेर काढून मागचा दरवाजा अर्धा उघडा ठेवून गाडी चालवणं त्याहून धोक्याचं. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते आणि एसी लावलेल्या गाडीत हे लक्षातही येत नाही.

• मागची स्प्रिंग आणि शॉकअप. वर्षानुवर्षं ओझं वाहिलेली गाडी रिकामी असतानाही मागून बसलेली दिसते.

• टायरचं वय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर हायवेवर नको.

पार्ट मिळतात का?

पुढचा अर्धा भाग सोपा आणि मागचा अर्धा अवघड. मरीनाचे इंजिन, ब्रेक, पुढचं सस्पेन्शन असे बरेच भाग इंडिका-इंडिगोशी मिळतेजुळते आहेत. या गाड्या टॅक्सी म्हणून इतक्या धावल्या की त्या हाताळलेला मिस्त्री जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतो. पण मागची काच, मागचे दिवे, मागचा दरवाजा आणि मागच्या बाजूच्या काचा फक्त मरीनाच्याच. त्या फुटल्या तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी भंगारात निघालेली दुसरी मरीना शोधावी लागते. त्यामुळे घेतानाच मागचा भाग शाबूत असणं हे चांगल्या इंजिनाइतकंच महत्त्वाचं.

ओपेल आणि फियाटच्या बाबतीत पुढचा भागही अवघड होत चालला आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि फियाटच्या कारही आता इथे नव्या मिळत नाहीत.

पेट्रोल इस्टेटसाठी आणखी एक नवी अडचण म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घसरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि सील या इंधनासाठी बनलेल्या नाहीत. त्या वेळीच बदलणं हा स्वस्त आणि गरजेचा खर्च. सीएनजी बसवण्याचा विचार केला तर टाकी बसते डिक्कीत, म्हणजे ज्या जागेसाठी गाडी घेतली तीच जाते.

वर्षाचा हिशेब

समजा, १.४ लिटरची डिझेल इस्टेट ८० हजारांना घेतली. ती वर्षाला ६ हजार किलोमीटर चालते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. डिझेल ९० रुपये धरलं तर ४०० लिटरचे ३६ हजार. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ मध्ये ठरलेला दर १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये, जीएसटीसह ४ हजारांच्या आसपास. ऑईल-फिल्टर ६ हजार. टायर, बॅटरी आणि अचानक निघणारी कामं यासाठी २४ हजार बाजूला. पासिंग आणि कर वर्षाला विभागून ३ हजार. एकूण ७३ हजार, म्हणजे किलोमीटरला १२ रुपयांच्या आसपास.

यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, इंजिन १५०० सीसीच्या वर गेलं की विम्याचा तोच दर ७,८९७ रुपये होतो. १.६ लिटरची अल्टुरा आणि १.९ लिटरची ऑक्टाव्हिया कॉम्बी या वरच्या गटात येतात. दुसरी, गाडी कमी चालवली म्हणून ती स्वस्त पडत नाही. हीच गाडी वर्षाला २ हजार किलोमीटरच चालली तर इंधन १२ हजारांवर येतं, पण बाकीचे ३७ हजार फारसे कमी होत नाहीत आणि किलोमीटरचा खर्च २४ रुपयांवर जातो. वर्षातून चार वेळा सामान न्यायचं असेल तर भाड्याचा टेम्पो परवडतो.

सामानाचा विषय निघालाच आहे तर, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन दुसऱ्याचा माल नेता येत नाही. मागची सीट दुमडणं वेगळं आणि कायमची काढून टाकणं वेगळं. आरसीवर लिहिलेली आसनसंख्या आरटीओच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही.

कधी थांबायचं?

जुन्या गाडीत माणूस अडकतो तो 'आत्ताच वीस हजार घातलेत' या विचाराने. घातलेले पैसे परत येत नाहीत. पुढच्या वर्षात किती घालावे लागतील एवढाच प्रश्न उरतो. क्लच, टायर, बॅटरी ही झिजणारी कामं आहेत, ती केली की गाडी पुन्हा चालते. पण चासीचा किंवा सस्पेन्शन जिथे जोडलं जातं तिथला पत्रा सडला असेल, तर वरून डेंटिंग-पेंटिंग करून उपयोग नाही. अशी गाडी अपघातात माणसाला वाचवत नाही.

तेव्हा ती अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यायची. तिथे मिळणाऱ्या 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट'वर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. आरटीओतली नोंदणी रद्द झाल्याचा कागदही घ्यायचा. तो घेतला नाही तर भंगारात गेलेली गाडी कागदावर जुन्या मालकाच्याच नावावर राहते.

ज्याला दर आठवड्याला लांबलचक सामान न्यायचं आहे, घराजवळ भरवशाचा मिस्त्री आहे आणि किमतीइतकीच रक्कम वर्षभरासाठी बाजूला ठेवता येते, त्याच्यासाठी जुनी इस्टेट फायद्याची ठरते. ज्याच्याकडे फक्त गाडीच्या किमतीएवढेच पैसे आहेत, त्याला ती झेपणार नाही.